अळ्या खायला लागल्या की होंबळम्मा झोपते

लग्न होऊन मुळ्ळहळ्ळीत आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता, तोच सौभाग्याचं गावभर हसं झालं. दुपारची वेळ. जेवणं उरकून ती पडवीत जरा कलंडली होती. डोळा लागतो न लागतो तोच पाऊस लागला. बारीक, एकसारखा, झाडाझुडपांवर धरून पडतो तसा. अंगणात दोरीवर सासरच्या सगळ्यांचे कपडे वाळत होते. नवी सून ती, धडपडत उठली, बाहेर धावली आणि हाताला येतील तसे कपडे ओढून उराशी धरले. मग वर बघितलं. आभाळ कसं घासून ठेवलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. पायाखाली माती चटके देत होती.

कुंपणापलीकडे शेजारची जवरम्मा तुतीच्या फांद्या तोडत उभी होती. कोयता तसाच हातात धरून म्हणाली, "काय गं सूनबाई, तुमच्या तिपटूरला उन्हातच कपडे भिजत्यात व्हय?"

पाऊस मात्र चालूच होता. सौभाग्या आवाजाच्या मागावर गेली. घराच्या मागच्या अंगाला जाड भिंतींची एक ठेंगणी खोली होती, तिच्या दारावर ओलं गोणपाट टाकलेलं. तिनं ते हळूच बाजूला केलं. आत बांबूच्या रुंद पाट्या एकीवर एक मांडलेल्या, मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवलेले, आणि प्रत्येक पाटीत हिरव्या पाल्यावर रेशमाच्या पांढऱ्या अळ्यांची नुसती दाटी. बोटाएवढ्या अळ्या मान खालीवर करत पाला कुरतडत होत्या. एकीच्या खाण्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नसता. पण त्या हजारोंनी होत्या, आणि त्या सगळ्यांच्या जबड्यांचा मिळून तो पाऊस पडत होता.

त्या पावसाखाली, मांडणीच्या पायथ्याशी, चटईवर तिची सासू होंबळम्मा तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

सौभाग्या बघतच राहिली. तिला घड्याळाची टिकटिकसुद्धा खपत नसे. ती एक पाऊल आत टाकते तोच होंबळम्मानं डोळे न उघडताच विचारलं, "पावडर लावून आलीस?"

"थोडीशी, अत्ते."

"आन् डोक्यात मोगरा. भाईर हो आधी. वासानं खाणं टाकतील."

सौभाग्या बाहेर आली ती दोन प्रश्न घेऊन. एवढ्या आवाजात ही बाई झोपते कशी, आणि एवढी झोपलेली बाई जागी होते कशी. पुढं कितीतरी दिवस हे प्रश्न तिच्या डोक्यात त्या अळ्यांसारखेच कुरतडत राहिले.

होंबळम्मा बोलायची कमी. पण सौभाग्याला पाला निवडता निवडता एकेक धागा ओढायची सवय होती. त्यातून कळलं ते असं. होंबळम्मा जन्मली चन्नपट्टणकडच्या एका गावात, तेही अळ्या चौथ्या तापातून उठल्या होत्या त्या आठवड्यात. अळी कात टाकण्याआधी खाणं सोडते, मान वर करून दगडासारखी निपचित पडते, त्याला तिथं ताप म्हणतात. असे चार ताप. चौथा उतरला की पुढचा आठवडाभर अळीला खाण्यापलीकडे दुसरा धंदा नसतो, आणि घरच्या माणसांना पाला घालण्यापलीकडे. अशा घाईत बाळंतिणीजवळ कोण बसणार? पोरीला लुगड्याच्या झोळीत घालून अळ्यांच्या घरातच आढ्याला टांगली. आई पाला घालता घालता येता-जाता झोका द्यायची. अंगाई वगैरे कुणी म्हटली नाही. अंगाई अळ्यांनीच म्हटली.

लग्न होऊन ती मुळ्ळहळ्ळीत आली तेव्हा इथं तुतीचं पान कुणी बघितलं नव्हतं. नाचणी, भुईमूग, चार म्हशी. पहिले काही महिने होंबळम्माच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पोरगी वाळत चालली. सासूला वाटलं बाहेरचं काहीतरी लागलंय. मारम्माच्या देवळात नेली, लिंबं कापली, कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झोडपली. शेवटी एकदा नाचणी खुरपताना नवऱ्यानं, नंजेगौडानं, न राहवून विचारलं, "तुला नेमकं पायजे तरी काय?"

ती म्हणाली, "तुती."

नंजेगौडाला वाटलं, बायकोला डोहाळे लागलेत. खुशीत येऊन त्यानं बाजारातून तुतीची फळं आणली. मग सगळा उलगडा झाल्यावर तिच्या माहेरी जाऊन ओल्या गोणपाटात बांधलेल्या काड्या एसटीच्या टपावर घालून आणल्या. दुसऱ्या वर्षी पहिल्या अळ्या आल्या. चौथा ताप उतरला, पाऊस सुरू झाला, आणि होंबळम्मा अशी झोपली की नंजेगौडानं नाकाशी बोट धरून श्वास बघितला.

हळूहळू सगळ्या गावानं तुती लावली. जवरम्मानं तर पहिल्या काड्या होंबळम्माकडूनच नेल्या. पण एक रीत मात्र सगळ्यांनी कडक पाळली. एका घरच्या माणसानं दुसऱ्या घरच्या अळ्यांत पाऊल टाकायचं नाही. पायाबरोबर रोग येतो म्हणा, नजर लागते म्हणा. चौथ्या तापानंतर तर सख्ख्या बहिणीलाही दाराबाहेरूनच बोळवायचं.

असं वर्षानुवर्षं चाललं. पीक आलं की होंबळम्मा झोपायची, पीक निघालं की पुढच्या पिकापर्यंत कशीबशी डुलक्यांवर दिवस काढायची. नंजेगौडा गेला, मुलाचं, सिद्धराजूचं, लग्न झालं, सौभाग्या आली. आणि तिसऱ्या वर्षी तुतीला मूळकूज लागली. आज हे झाड वाळलं, उद्या त्याच्या शेजारचं, असं करत सगळा मळा बसला. रेशीम खात्याचा माणूस मूठभर माती हुंगून म्हणाला, उपटा सगळं, दोन वर्षं जमिनीला आराम द्या.

"जमिनीला आराम," होंबळम्मा म्हणाली, "आन् मला?"

सिद्धराजू डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर लागला. अळ्यांच्या घरात पाट्या धुवून उपड्या मारून ठेवल्या. खोलीत पाय टाकला की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

पहिले दोन महिने होंबळम्मानं काढले. मग तिच्या हातून दूध उतू जायला लागलं. भाकरी तव्यावर टाकून ती भिंतीला टेकून उभीच्या उभी पेंगायची, पण अंथरुणावर पडली की डोळे टक्क उघडे. एकदा चुलीपुढं तोल गेला आणि हात मनगटापर्यंत भाजला. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. गोळी घेतली की झोप यायची, पण उठल्यावर ती तास-तास डोकं धरून बसायची. म्हणायची, "ही काय झोप हाय व्हय? कुणीतरी मागनं ढकलून हिरीत पाडल्यागत वाटतं."

सौभाग्यानं मनाशी घेतलं. आवाजानं झोप येते ना, मग आवाजाला काय तोटा आहे?

टेबलफॅन लावून बघितला. होंबळम्मा म्हणाली, ह्याचा घसा बसलाय. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे धरून नुसती खरखर लावली. तर म्हणाली, कुणीतरी भांडणाच्या तयारीत हाय असं वाटतं. नारळाच्या वाळल्या झावळ्या छपराला टांगल्या, वाऱ्यावर सळसळतील म्हणून. त्या दिवशी वारा पडला. सौभाग्याच्या मोबाइलवर पावसाचा आवाज मिळाला, कितीही तास चालणारा. तो उशाशी लावला. होंबळम्मानं बराच वेळ कान देऊन ऐकला.

"ह्यो थांबतो कवा?"

"थांबतच नाही, अत्ते. तेच तर चांगलं आहे."

"मग ह्याला पाला घालावा लागत न्हाई."

"नाही."

"मग बंद कर. ज्याला भूकच न्हाई त्याचं काय ऐकायचं?"

सिद्धराजू जेवता जेवता हसला. "आईला म्हशीजवळ निजव. रवंथ करती ती रातभर."

त्यानं चेष्टेत म्हटलं, पण सौभाग्यानं खरंच खाट गोठ्यात नेली. आणि नवल म्हणजे होंबळम्माचा डोळा लागलासुद्धा. पण म्हैस मधेच चघळायची थांबून लांब सुस्कारा टाकायची, आणि होंबळम्मा दचकून उठायची, काय झालं काय झालं करत. सकाळी म्हैस ताजीतवानी आणि ही बाई तेवढी मरगळलेली.

एवढ्या खटपटीतून सौभाग्याला एक गोष्ट मात्र उमगायला लागली. सासूला आवाज हवा होता असं नाही. आवाजातून कळणारी बातमी हवी होती. पाट्या भरलेल्या आहेत, सगळ्या खाताहेत, कुणी आजारी नाही, आता या घटकेला तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. ही बातमी पंखा कुठून देणार? आणि बातमी बदलली, खाणं जरा पातळ झालं, की तीच तिला उठवत असणार. निदान सौभाग्याचा हिशेब असा होता. तिनं तो सिद्धराजूला सांगितला, तर तो म्हणाला, "तू पीएचडी कर ह्याच्यावर. वाढ मला सार."

तेवढ्यात जवरम्माच्या घरी अडचण उभी राहिली. तिचा नवरा मोटारसायकलवरून घसरला आणि पायाला प्लास्टर घालून बसला. अळ्या तिसऱ्या तापात. पाला तोडायला रोजाची बाई मिळाली, पण रात्रीची राखण कोण करणार? मुंग्या चढतात, पाल येते, उंदीर येतो. आणि दिवसभर राबून जवरम्माचे गुडघे बोलायला लागले होते.

सौभाग्या कुंपणाशी गेली. "जवरक्का, आमच्या अत्तेंना झोपू द्या तुमच्या अळ्यांच्या घरात."

जवरम्मानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं मंगळसूत्रच मागितलं. "माझ्या सख्ख्या बहिणीला बी शेवटच्या तापानंतर आत पाऊल टाकू दिलं न्हाई मी. आन् तुमच्या मळ्यात तर मूळकूज."

"मूळकूज तुतीला होते, अत्तेंना नाही. त्या आंघोळ करून येतील, चुन्यात पाय बुडवतील."

"तुती तुमच्या घरनं आणली, कबूल. पण अळ्या माझ्या हायत."

"म्हणून तर म्हणते. अत्ते झोपेतसुद्धा ऐकतात. जरा खाणं कमी झालं की उठून बसतात. मी पावडर लावून गेले तर डोळे मिटूनच ओळखलं त्यांनी. असा राखणदार तुम्हाला कुठं मिळणार?"

जवरम्मा गुडघा चोळत उभी राहिली. तिच्या डोळ्यांखालीही काळं पडलं होतं. "तंबाखू खाती तुझी सासू," ती शेवटी म्हणाली. "त्या वासानं अळी मरती. आठ दिवस तोंडात बी घ्यायची न्हाई. जमंल?"

होंबळम्माची पानतंबाखू म्हणजे तिचा जीव. सौभाग्यानं घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिनं कनवटीची चंची सोडली, एकदा हुंगली आणि कोनाड्यात अगदी मागं सरकवून ठेवली. "कवापास्नं जायचं?" एवढंच विचारलं.

चौथा ताप उतरला त्या संध्याकाळी होंबळम्मा साबणाविना धुतलेलं लुगडं नेसून, चटई काखेत मारून शेजारी गेली. सिद्धराजू टेम्पो पुसत होता. म्हणाला, "आई, डबा न्हेलास न्हवं कामावर? झोपायचं काम दांडगं असतं." ती वळूनसुद्धा न बघता गेली.

सकाळी परत आली तेव्हा तिच्या गालावर चटईची नक्षी उमटली होती. चेहरा सुजल्यासारखा भरलेला. नाचणीच्या उकडीचे दोन मुद्दे आणि वाडगाभर सार तिनं संपवलं आणि म्हशीची धार काढायला बसली. भाजल्या हातानं धार काढताना चक्क काहीतरी पुटपुटत होती, गाणं असावं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. दूध उतू जाणं थांबलं. जवरम्मा निजायच्या आधी भरपूर पाला घालून घरात जायची आणि उजाडता उजाडता येऊन पुन्हा घालायची. मधल्या वेळेची तिला आता काळजी नव्हती. पाणवठ्यावर सांगत सुटली होती की होंबळक्का राखणीला हाय, मुंगीची टाप न्हाई.

पण चौथ्या दिवशी अंगणात मिरच्या निवडताना होंबळम्मा हळूच म्हणाली, "सौभाग्या, एक इचारू? मी घोरते का गं?"

"म्हणजे?"

"आपल्या घरी मी निजली तरी माझा एक कान उघडा असायचा. तिथं दोन्ही मिटत्यात. काल घूस आलती म्हणं पाटीखाली. जवरी सकाळी माती दाखवून म्हणाली, तू हाकललीस म्हणून बरं. मला दाद न्हाई."

सौभाग्याच्या हातातली मिरची हातातच राहिली. तिचा सगळा हिशेब एका अंगानं कोसळला. आवाज तोच, अळ्या तशाच, माणूस तेच. मग कान का मिटले?

"त्या माझ्या न्हाईत न्हवं," होंबळम्मा म्हणाली. जणू तिला सुनेच्या मनातलं ऐकू आलं. "आवाज तेवढा येतो. घोर लागत न्हाई. जन्मात अशी निजली नव्हती मी. जवरीला सांगावं म्हणते."

"नका सांगू. चार दिवस तर राहिलेत. सांगितलंत तर उद्यापासून दार बंद. आणि मग परत चूल, परत हात भाजणं."

होंबळम्मानं मिरच्यांची देठं मोडत मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते सौभाग्याला कळलं नाही. त्या संध्याकाळी ती गेली, पण जाताना चटई नीट गुंडाळायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

पुढचे दोन दिवस उष्मा भयंकर वाढला. भिंतीला पाठ टेकवत नव्हती. उष्म्यानं अळी लवकर पिकते हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण जवरम्मा म्हणत होती, अजून अवकाश आहे, आणि राखणीला होंबळक्का आहेच की.

उजाडत होतं. सौभाग्या दारात सडा टाकत होती तोच कुंपणापलीकडून जवरम्माचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. नुसतं "अगं बाई, अगं बाई," असं एका सुरात. सौभाग्या बादली टाकून धावली. दाराशी तिनं आपणहून पाय चुन्यात बुडवले आणि आत गेली.

खोलीत पाऊस नव्हता. कुठंतरी शेवटच्या पाटीत तुरळक खुडखुड, बाकी सामसूम. अळ्या पिकल्या होत्या. अंगं आखडून पिवळसर झाली होती, उजेडाकडे धरलेल्या द्राक्षासारखी आरपार दिसत होती. पिकलेली अळी पाला सोडते आणि आडोसा शोधत फिरते. त्या वेळी तिला उचलून चंद्रिकेवर सोडावं लागतं. चंद्रिका म्हणजे बांबूच्या चटईवर चक्राकार पट्ट्यांची वेटोळी, त्या खणांत ती सुबक कोष विणते. इथं कुणी उचललंच नव्हतं. अळ्या पाट्यांच्या काठांवरून उतरून मिळेल तिकडे निघाल्या होत्या. काहींनी पाल्याच्या देठांतच धागा टाकला होता, काही मांडणीच्या खांबावर चढत होत्या.

आणि मांडणीच्या पायथ्याशी होंबळम्मा कुशीवर वळून, हात उशाशी घेऊन झोपलेली होती. तिच्या लुगड्याच्या निऱ्यांवर अळ्या होत्या. अंबाड्यावर एक मान डोलवत होती. पदराच्या घडीत तर दोघी-तिघींनी बस्तान बसवून स्वतःभोवती धुक्यासारखं जाळं विणलं होतं, आणि घोरण्याबरोबर ते जाळं वर-खाली होत होतं.

सौभाग्यानं तिला हलवलं. होंबळम्मानं डोळे उघडले, छपराकडे बघितलं, मग ऐकलं. ऐकू आलं नाही तेच तिला कळलं. ती उठून बसली, पदर झटकायला हात उचलला आणि तसाच अलगद खाली ठेवला.

"अत्तेंना आत्ताच जाग आली, जवरक्का," सौभाग्या घाईघाईनं बोलायला लागली. "त्या उठून तुम्हाला हाक मारणारच होत्या, तोवर तुम्ही..."

"गप बस," होंबळम्मा म्हणाली. मग जवरम्माकडे वळली. "मला ऐकू आलं न्हाई. आज बी न्हाई, आन् घूस आली तवा बी न्हाई. पहिल्या दिवसापास्नं मी हितं नुसती झोपती. राखण केलीच न्हाई. ही सांगत हुती ते माझ्या घरच्या अळ्यांचं. तुझ्या घरी मला झोपच लागती निस्ती."

कोपऱ्यात उभ्या केलेल्या चंद्रिका जवरम्मानं खाली घातल्या, पदर खोचला आणि पाटीपुढं बसून अळ्या वेचायला लागली. होंबळम्मा समोरच्या पाटीपुढं बसली. सौभाग्या मधे. पिकल्या अळीला चिमटीत धरायचं असतं, पण दाबायचं नसतं. चंद्रिका भरल्या तेव्हा सिद्धराजूला हाक मारून वाळल्या आंब्याच्या डहाळ्या मागवल्या, त्यांच्यावर सोडल्या. त्याही पुरेनात तेव्हा जवरम्मानं घरातले दोन नवे झाडू उलटे उभे केले. प्लास्टरवाला नवरा ओसरीवरून सारखा विचारत होता, किती गेल्या, किती गेल्या.

ऊन दारात आलं तेव्हा पाट्या रिकाम्या झाल्या. देठांत विणलेले कोष जरा वेडेवाकडे निघणार होते, त्यांना बाजारात कुणी भाव विचारणार नव्हता. पण बहुतेक पीक हाताला लागलं होतं. आता खोलीत कसलाच आवाज नव्हता. अळ्या विणतात ते मुकाट्यानं.

होंबळम्मानं चटई गुंडाळली. पदराच्या घडीतले कोष तिनं एकेक करून सोडवले आणि जवरम्मापुढं ठेवले.

"हे तुझं."

जवरम्मानं ते तळहातावर घेतले, उलटसुलट करून बघितले. "अक्का, एवढी किती वर्सांनी झोपलीस गं तू?"

"किती वर्सांनी न्हवं," होंबळम्मा म्हणाली. "एवढी पहिल्यांदाच."

"लेकरागत घोरत हुतीस. मी दोनदा हाक मारली." जवरम्मानं कोष ओंजळीत हलवले. "नवऱ्याशेजारी मी बी तशीच झोपायची, सासू जित्ती हुती तवर. सगळा घोर तिला असायचा."

होंबळम्मा दारापर्यंत गेली.

"पुढच्या पिकाला राखण मी दुसऱ्या कुणाला सांगनार," जवरम्मा मागनं म्हणाली. "तुझ्या भरवशावर ठिवलं तर माझं वाटोळं हुईल."

"बरं."

"आन् चटई मांडणीशी टाकत जाऊ नगंस. येता-जाता पाय लागतो. त्या तिकडं कोपऱ्यात टाक, भिंतीकडनं."

होंबळम्मा थांबली. कोपऱ्याकडं बघितलं, तिथं पालापाचोळा आणि अळ्यांची लीद साचली होती. चटई सुनेच्या हातात देऊन तिनं झाडू उचलायला हात घातला, तर दोन्ही झाडूंवर अळ्या विणत बसलेल्या. मग ती खाली बसली आणि हातानंच कोपरा साफ करायला लागली.